गॅसबत्तीची जाळी आणि एका रात्रीचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझे अब्बा गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचे. लग्न, वरात, उरूस, कीर्तन, काहीही असो, आमच्याकडच्या बत्त्या तिथं जायच्या. पण खरा हंगाम म्हणजे दिवाळीनंतरचा. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरायला लागते, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक. वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी हा सगळा झाडीपट्टीचा मुलूख. रात्री दहाला पडदा उघडला की पहाटेपर्यंत नाटक चालायचं. लहानपणी मी अब्बांबरोबर बंडीत बसून जायचो. नाटक मी फारसं पाहिलं नाही. माझं काम जाळ्यांचा डबा सांभाळण्याचं होतं.

जाळी म्हणजे बत्तीच्या आत बांधतात ती. काही जण तिला मेंटल म्हणतात. नवी असताना ती सुती कापडाच्या लहानशा पिशवीसारखी मऊ असते. दोऱ्यानं बांधायची, काडी लावायची, कापड जळून जातं आणि मागं पांढऱ्या राखेचा नुसता सांगाडा राहतो. त्यालाच उजेड. एक पाखरू आदळलं तरी तुटतो. नाटकाच्या एका रात्रीत चार-पाच जाळ्या जायच्या. अब्बा जुनी राख फुंकरीनं उडवायचे आणि त्याच हातानं चहाचा कप घ्यायचे.

ही जाळी किरणोत्सारी असते हे मला वयाच्या पंचेचाळिशीनंतर कळलं. मी बी.ए. झालेला माणूस. कवितेत दिवा, वात, काजळी हे शब्द इतक्यांदा वापरले की आता लाज वाटते. पण दिव्यात नेमकं जळतं काय, हे कधी विचारलं नव्हतं. सांगितलं ते माझ्या पुतणीनं. ती तेव्हा नागपूर विद्यापीठात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होती. मी काहीतरी आठवण सांगत होतो तर ती म्हणाली, ‘‘बडे अब्बा, तो डबा घरात आहे का अजून? त्यात थोरियम आहे.’’

कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञानं १८८५ साली अशा जाळीचं पेटंट घेतलं. पहिल्या जाळ्या काही नीट चालल्या नाहीत. १८९१च्या सुमारास त्याला प्रमाण सापडलं : नव्व्याण्णव टक्के थोरियमचं ऑक्साइड आणि एक टक्का सेरियमचं. हे ऑक्साइड वितळायला तीन हजार अंशांहून जास्त तापमान लागतं, म्हणून ते ज्योतीत टिकतं आणि पांढरं तळपतं. मग साऱ्या जगाला थोरियम हवं झालं. १९०९ साली शॉमबर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला आपल्या त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं, आणि मनवलाकुरिचीचा किनारा युरोपातल्या रस्त्यांवरच्या दिव्यांशी जोडला गेला. स्वातंत्र्यानंतर ते काम इंडियन रेअर अर्थ्स या सरकारी कंपनीकडे आलं. मुंबईत तुर्भ्याला १९५५ साली थोरियमचा कारखाना निघाला आणि तिथून जाळीसाठी थोरियम नायट्रेट जाऊ लागलं. म्हणजे केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरची वाळू मुंबईमार्गे वडशाच्या नाटकात पोचत होती. थोरियमचं अर्धं आयुष्य सुमारे चौदाशे कोटी वर्षांचं आहे. अब्बांच्या डब्यातल्या जाळ्यांत त्यातलं जाणवण्याइतकंही अजून कमी झालेलं नाही.

घाबरू नका. बत्तीच्या उजेडात बसून नाटक पाहिलेल्या माणसाला त्यापासून जवळजवळ काही होत नाही. काळजी असते ती राख श्वासात किंवा पोटात जाण्याची, आणि जाळी पहिल्यांदा पेटवताना निघणाऱ्या धुराची. म्हणून ती उघड्यावर पेटवावी आणि हात धुवावेत. आता बऱ्याच ठिकाणी थोरियमऐवजी यिट्रियमच्या जाळ्या येतात. अब्बा बहात्तराव्या वर्षी गेले ते हृदयविकारानं. तरी पुतणीला मी विचारलंच, त्यांच्या अंगात किती गेलं असेल? ती म्हणाली, ‘‘मोजलं नव्हतं ना. आता कसं सांगणार?’’

‘मोजलं नव्हतं’ हा शब्द पुन्हा ऐकायची वेळ २०१६च्या उन्हाळ्यात आली, आणि आज खरं तर त्याबद्दल बोलायचं आहे.

आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा ठेकेदाराकडे वेल्डरचा हेल्पर होता. चंद्रपूर जिल्ह्यात अशा मुलांना कामाची कमी नाही. कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, वीज केंद्रं आहेत. मोठ्या कारखान्यात पाइपांचे जोड नीट झालेत की नाहीत हे पाहायला रात्री त्यांचे फोटो काढतात. डॉक्टर हाडाचा एक्स-रे काढतात तसंच, फक्त इथं बहुधा इरिडियमचा किरणोत्सारी तुकडा वापरतात. तो जाड आवरणाच्या पेटीत असतो, आणि फोटोपुरता नळीतून बाहेर ढकलला जातो. भोवती दोरी बांधतात, लाल दिवा लावतात, कुणी आत यायचं नाही. एका कारखान्यात शटडाऊनच्या कामात असताना हा मुलगा दोरीखालून आत गेला. त्याची हत्यारांची पिशवी आत राहिली होती. कुणीतरी ओरडलं, तो पळत बाहेर आला. बस, एवढंच घडलं.

सकाळी त्याला उलट्या झाल्या. मे महिना, चंद्रपूरचं ऊन, रात्रभर जागरण आणि डब्यातला शिळा भात. उलटीला कारण शोधायला लांब जायला नको होतं. पण कुणीतरी ‘रेडिएशन’ हा शब्द उच्चारला आणि तो शब्द त्याच्याआधी मोहल्ल्यात पोचला. फोटो काढणाऱ्या माणसांच्या छातीवर बिल्ले होते. याच्या छातीवर नव्हता, कारण तो त्या कामावरचा नव्हताच.

त्या बिल्ल्याबद्दल दोन शब्द सांगतो. दवाखान्याच्या एक्स-रे खोलीत तुम्ही तो पाहिला असेल. त्याला टीएलडी बॅज म्हणतात. आत अॅल्युमिनियमच्या पट्टीवर तीन छोट्या पांढऱ्या चकत्या असतात. टेफ्लॉनमध्ये मिसळलेलं कॅल्शियम सल्फेट, आणि त्यात चिमूटभर डिस्प्रोसियम. कॅल्शियम सल्फेट म्हणजे आपल्या जिप्समच्याच घराण्यातलं. भाभा अणुसंशोधन केंद्रानं हा बिल्ला विकसित केला. बहुतेक ठिकाणी दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. चकती तापवली की ती मंद उजेड देते. जितके किरण पडले असतील तितका उजेड जास्त.

हे कसं होतं, ते पुतणीनं मला बांधीचं उदाहरण देऊन समजावलं. धानाच्या बांधीत पावसाचं पाणी साठतं. धुरा शाबूत असेल तर पाऊस थांबल्यावरही ते तिथंच राहतं. काही स्फटिकांत अशाच सूक्ष्म बांध्या असतात. किरणोत्सर्ग झाला की इलेक्ट्रॉन आपल्या जागेवरून उडतात, आणि काही त्या बांध्यांत अडकतात. महिनोन् महिने अडकून राहतात. उष्णता दिली की धुरा फुटतो, इलेक्ट्रॉन परत आपल्या जागी येतात आणि येताना प्रकाश टाकतात. साठलेलं पाणी मोजून पाऊस किती पडला ते सांगायचं, तसं हे. मात्र एकदा पाणी सोडलं की बांधी रिकामी. एकदा वाचलं की लिहिलेलं पुसलं गेलं. मराठीत याला कुणी औष्णिक संदीप्ती म्हणतात. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानं १६६३ साली एक हिरा रात्री अंथरुणात नेऊन अंगाच्या उबेनं तो चमकतो हे पाहिलं होतं. त्याच्या शेजाऱ्यांनी काय म्हटलं असेल कोण जाणे.

आता मुद्द्यावर येतो. बिल्ला ज्यांच्याकडे नाही त्यांचं काय? अपघात बिल्ला पाहून होत नाही. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात काय झालं ते आठवून पाहा. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागानं वापरात नसलेलं एक जुनं यंत्र लिलावात काढलं. त्यात कोबाल्ट-६० होतं. भंगारवाल्यांनी ते फोडलं. एकानं त्यातला तुकडा पाकिटात ठेवला. कुणाची कातडी काळी पडली, कुणाचे केस गेले, एप्रिलअखेर एकाचा मृत्यू झाला. ब्राझीलमधल्या गोइयानियात १९८७ साली असंच भंगारातून सीझियम बाहेर आलं. ते अंधारात निळं चमकायचं म्हणून लोकांनी ते घरी नेलं, एकमेकांना वाटलं. चार माणसं गेली, त्यात एक लहान मुलगी. यातल्या कुणाच्या छातीवर बिल्ला असणार होता?

अशा वेळी शास्त्रज्ञ भोवतालच्या वस्तूंना विचारतात. १९६०च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी हिरोशिमा-नागासाकीची कौलं घेतली. कौल भट्टीत भाजतात तेव्हा त्यातल्या सगळ्या बांध्या रिकाम्या होतात, म्हणजे त्या दिवसापासून हिशेब शून्यावरून सुरू. पुढं जमिनीतून आणि आकाशातून येणारा रोजचा थोडा किरणोत्सर्ग त्यात जमा होत जातो. तो वजा केला की उरतो तो बाँबचा. चेर्नोबिलच्या १९८६च्या अपघातानंतर विटा, फरश्या आणि विजेच्या फिटिंगमधले चिनीमातीचे भाग असेच तपासले गेले.

चिनीमातीचा होल्डर! आपल्या प्रत्येकाच्या जुन्या घरात तो होता. पांढरा, कडेला चुन्याचे थेंब उडालेला. आमच्या जिल्ह्यात तर चिनीमातीचं कौतुक सांगायला नको. भद्रावतीच्या ग्रामोदय संघाचं काम सगळ्यांना ठाऊक आहे. होल्डरच्या आतल्या बाजूला उजेड लागत नाही, आणि ते महत्त्वाचं आहे. कारण या बांध्या उष्णतेनं फुटतात तशा पुष्कळदा उजेडानंही पाझरतात. म्हणून नमुना अंधारात, काळ्या कागदात गुंडाळून न्यावा लागतो. वरचा थर खरवडून टाकतात आणि आतलं घेतात.

होल्डरमध्ये असतो तो दिवा. ट्यूबलाइटच्या आतून पांढरी भुकटी लावलेली असते. ती फुटली की आपण ‘हात लावू नको’ म्हणून पोरांना ओरडतो. ते बरोबरच आहे, आत पारा असतो. ही भुकटी म्हणजे फॉस्फर. जुन्या ट्यूबमध्ये कॅल्शियमचं हॅलोफॉस्फेट, त्यात अँटिमनी आणि मँगनीज. गंमत म्हणजे हे अॅपेटाइटच्या कुळातलं, आणि आपली हाडं-दातही त्याच कुळातले. पुढं तीन रंगांची भुकटी आली : लाल रंगासाठी युरोपियम घातलेलं यिट्रियम ऑक्साइड, हिरव्यासाठी टर्बियम, निळ्यासाठी पुन्हा युरोपियम, पण दुसऱ्या पदार्थात. सीएफएलमध्ये ती असते. एलईडी बल्बमध्ये निळ्या चिपवर पिवळा लेप असतो, तोही फॉस्फरच. बिल्ल्यातली चकती आणि दिव्यातली भुकटी चुलतभावंडं आहेत. दोन्हींत एक साधा क्षार आणि त्यात दुर्मिळ मृत्तिकेची किंवा दुसऱ्या एखाद्या धातूची चिमूट. दोन्ही भट्टीतून निघालेल्या. म्हणून दिव्याची भुकटी अपघातात बिल्ल्याचं काम करील का, हा प्रश्न संशोधकांना पडला. प्रयोगशाळेत अशा भुकट्यांवर गॅमा किरण टाकून, त्या तापवून पाहण्याचं काम आपल्या देशातही झालं आहे.

मला अभिमान वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. फॉस्फरचं काम विदर्भात फार झालं. नागपूर विद्यापीठात डॉ. एस. व्ही. मोहरील, डॉ. संजय ढोबळे यांच्याभोवती या विषयाची एक शाळाच उभी राहिली. दिव्यांसाठी फॉस्फर आणि किरणोत्सर्ग मोजण्यासाठी फॉस्फर, दोन्ही. आणि तिथून शिकलेली माणसं आमच्याकडे आली. भद्रावतीच्या निळकंठराव शिंदे महाविद्यालयातल्या, ब्रह्मपुरीच्या नेवजाबाई हितकारिणी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांची नावं अशा निबंधांवर दिसतात. भद्रावतीचे डॉ. कार्तिक शिंदे आणि ढोबळे यांचं परदेशी सहलेखकांबरोबरचं फॉस्फेट फॉस्फरवरचं पुस्तक स्प्रिंगरसारख्या प्रकाशनानं काढलं आहे. वाघ पाहायला ताडोब्याला येणारे ज्या गावावरून गाडी न थांबवता जातात, त्या गावातलं हे काम.

तर त्या मुलाला घेऊन मी पुतणीकडे गेलो. तिनं त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि आधी हिशेब मांडला. किती लांब होतास? तो म्हणाला तीन मीटर. थोड्या वेळानं म्हणाला, नाही, दहा असेल. अंतर दुप्पट झालं की मात्रा चौथाई होते. म्हणजे तीन आणि दहा मीटरमध्येच अकरापट फरक. किती वेळ? दोन मिनिटं, नाहीतर दहा. हा पाचपट. त्याच्या आठवणीवर विसंबलं तर उत्तर पन्नासपटीहून जास्त इकडे-तिकडे जात होतं. भीतीत माणसाला अंतर कळत नाही, आणि वेळ तर नाहीच नाही.

मग तिनं विचारलं, ‘‘त्या रात्री खिशात काय काय होतं?’’ मोबाइल होता, चार्जिंगची एलईडी टॉर्च होती, तंबाखूची पुडी होती. तिचे डोळे चमकले. मोबाइलच्या आत केसाएवढे बारीक रेझिस्टर असतात, त्यांचा पाया अॅल्युमिनाचा, म्हणजे चिनीमातीसारखाच. त्याच्या काचेतूनही मात्रा वाचता येते. टॉर्चच्या एलईडीवर फॉस्फरचा लेप. जेवणाच्या डब्यात मिठाची पुडी असती तर तीही चालली असती. साधं खायचं मीठसुद्धा हे लिहून ठेवतं. वस्तूचा उजेड मोजून झाला की तिच्यावर माहीत असलेली मात्रा टाकतात, पुन्हा मोजतात, आणि दोन्हींची तुलना करून मूळची काढतात.

पण लगेच तिनंच अडचणीही सांगितल्या, आणि मला ते आवडलं. टॉर्च त्यानंतर रोज पेटत होती. स्वतःच्याच उजेडानं त्या बांध्या पाझरलेल्या असणार. ट्यूबलाइटचंही तेच. पेटलेल्या ट्यूबमध्ये अतिनील किरण त्या भुकटीवर सतत आदळत असतात, ते लिहिलेलं पुसतात आणि भलतंच काही लिहितातही. त्यापेक्षा दुकानात खोक्यात बंद असलेला, कधीही न लावलेला दिवा चांगला साक्षीदार. पुन्हा, छतावरचा दिवा त्या खोलीचं सांगतो, खोलीतल्या माणसाचं नाही. आणि काही फॉस्फर दिवसागणिक विसरत जातात. घटनेला तोवर तीन आठवडे झाले होते. मोबाइलचं म्हणाल तर तो त्यानं आठवड्यापूर्वीच विकला होता. आणि महत्त्वाचं म्हणजे हे सगळं संशोधनाचं काम आहे. टॉर्च घेऊन जावं आणि रिपोर्ट घेऊन यावं, असं दुकान कुठं नाही.

शेवटी डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. दोनदा रक्त तपासलं. एक ग्रेपेक्षा मोठी मात्रा असती तर काही तासांतच उलट्या सुरू होतात आणि पुढं पांढऱ्या पेशी घसरतात. चार ग्रेच्या आसपास उपचारांवाचून निम्मी माणसं दगावतात. याच्या पेशी जागच्या जागी होत्या. मोठं काही झालं नाही, हे नक्की झालं. लहान किती झालं असेल, ते रक्तातली गुणसूत्रं पाहून थोडंफार सांगता येतं, पण साधारण एक दशांश ग्रेच्या खाली तीही गप्प बसतात. आणि ती तपासणी मोजक्याच ठिकाणी होते. ठेकेदारानं हात वर केले.

त्याचं लग्न ठरलेलं होतं. मुलीचे वडील भले गृहस्थ. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘‘शायरसाहेब, मला काही नको, एक कागद द्या. काही झालं नाही असं लिहिलेला.’’ मी रक्ताचा रिपोर्ट दाखवला. ते म्हणाले, ‘‘हा रक्ताचा आहे. त्याचा कुठाय?’’ मी त्यांना बांधी सांगितली, होल्डर सांगितला, हिरोशिमाची कौलं सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वीस मिलिसिव्हर्ट ही किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांची पाच वर्षांतली वार्षिक सरासरी मर्यादा, आणि निसर्गातून जगातल्या प्रत्येकाला वर्षाला सरासरी अडीचच्या आतबाहेर मिळतंच, हेही सांगितलं. पण ‘याला किती मिळालं’ या एका आकड्याच्या जागी माझ्याकडे काहीच नव्हतं. बिल्लेवाल्यांना तीन महिन्यांनी आकडा आला असेल. सोयरीक मोडली. दोन वर्षांनी त्याचं दुसरीकडे लग्न झालं, आज त्याला दोन मुली आहेत, तब्येत ठणठणीत आहे. ठेकेदारी मात्र त्यानं सोडली.

मला त्या बापाचा राग येत नाही. आकडा कितीही वाईट असला तरी त्याला कड असते. न मोजलेल्याला कड नसते. दोरीच्या आतल्यांना बिल्ला आणि दोरीपाशी झाडलोट करणाऱ्याला काही नाही, ही व्यवस्था कागदावर बरोबर असेलही. पण दोरीखालून चुकून जातो तो बहुधा झाडलोट करणाराच असतो. म्हणून मला या दिव्यांच्या संशोधनाचं मोल वाटतं. ते अजून कच्चं आहे हे ठाऊक असूनही. मोठा अपघात झाला आणि हजार माणसं दवाखान्याच्या दारात उभी राहिली, तर त्यातले कोणते पन्नास आत घ्यायचे आणि कुणाला निश्चिंत घरी पाठवायचं, एवढं जरी एखाद्या होल्डरनं आणि मोबाइलनं सांगितलं तरी पुष्कळ झालं.

गेल्या वर्षी आमचं जुनं घर पाडलं. पुतणी आता एका महाविद्यालयात शिकवते. तिचा फोन आला, ‘‘बडे अब्बा, जुने होल्डर फेकू नका. मुलांना प्रयोगाला हवेत. अंधारात काढा, काळ्या कागदात गुंडाळा.’’ मी रात्री विजेचं बटण बंद करून, स्टुलावर चढून, चाचपडत तीन होल्डर काढले. बायको खाली उभी राहून विचारत होती, बॅटरी लावू का? मी ओरडलो, नको! गुंडाळून ते कपाटात ठेवले आणि पुतणीला तसं कळवलं. तिनं विचारलं, ‘‘कोणत्या कपाटात?’’ म्हटलं, अब्बांच्या. ‘‘जाळ्यांचा डबा त्यातच आहे ना?’’ ती म्हणाली. ‘‘आधी तो बाहेर काढा. होल्डर त्याच्यापासून लांब ठेवा, नाहीतर ते त्याचंच लिहीत बसतील.’’